हितंचमामांची टूर

हितंचमामांना फटफटी चालवता येत नव्हती. फटफटीचं सोडा, साधी सायकल हातात धरून चालायचं म्हटलं तरी ती त्यांना गटारात नेऊन घालायची. आणि याच माणसाने आम्हा मंगळवार पेठेतल्या चार उडाणटप्पूंना वर्षानुवर्षं फटफटीवरून रानोमाळ फिरवून आणलं. दुष्काळ सरला होता आणि आणीबाणी अजून यायची होती, तेव्हापासूनची ही गोष्ट. दिवाळी होऊन फराळाचे डबे तळाला गेले की आमच्या चार फटफट्या निघायच्या. सगळ्यांत पुढे माझी बुलेट, आणि बुलेटच्या मागच्या सीटवर धोतराचा काचा मारून, तोंडाला उपरणं गुंडाळून आणि काखेत छत्री दाबून मामा.

रस्ता सांगायची त्यांची एक पद्धत होती. बुलेटच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून ते चापट मारायचे. उजव्या खांद्यावर मारली की उजवीकडे वळायचं, डाव्यावर मारली की डावीकडे. दोन्ही खांद्यांवर एकदम बसली की थांबायचं. आणि पाठीत गुद्दा बसला तर समजायचं, वळण मागेच राहिलं. मिरचीची पोती उचलून पापडासारखा कडक झालेला तो हात होता. टूरवरून परत आलो की आई माझ्या खांद्यांना हळद-तेल चोळायची आणि चोळताना मामांचा उद्धार करायची. आता लोक पैसे भरून अशा टूरला जातात म्हणे, आणि मोबाइलमधली बाई त्यांना गोड आवाजात वळणं सांगते. सांगू दे बापडी. तिच्या हातची चापट कुणी खाल्लेली नाही.

त्यांचं खरं नाव काय ते पेठेत फार थोड्यांना ठाऊक होतं. कुठलंही गाव अजून किती लांब आहे असं विचारलं की मामांचं उत्तर एकच, "हे काय, हितंच." हे 'हितंच' ओढ्याच्या पलीकडेही असायचं आणि तीन डोंगरांच्या पलीकडेही असायचं. एकदा आंबोलीच्या अलीकडे पेट्रोल तळाला गेलं, पोटात काही नाही, अंगावर जळवा, आणि दिनकर रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, देवाशप्पत सांगा, किती लांब?" मामा म्हणाले, "हितंच की रं." त्या दिवशी दिनकरने त्यांचं नाव हितंचमामा ठेवलं, आणि महिन्याभरात अख्खी पेठ त्यांना त्याच नावाने ओळखू लागली. मामांनी राग मानला नाही. "नाव ठेवलंसा ते ब्येस. नावं ठेवू नगासा," एवढंच म्हणाले.

टूरची सुरुवात झाली ती त्यांच्या आगाऊपणातून. मी जुनी बुलेट घेतली होती. इकबालचं गॅरेज होतं, त्यामुळे त्याच्याकडे रोज वेगळी गाडी असायची. दिनकर शाळेत ड्रिल मास्तर आणि चौथा सदाशिव, तो डेअरीवाला. आम्ही चौघे कट्ट्यावर बसून गोव्याला जायचे बेत करत होतो. शेजारच्या ओट्यावर मामा पान लावत बसले होते. बोलावलं नसताना म्हणाले, "डांबरी रस्त्यानं गोव्याला काय जायाचं? तसं टपालाची पिशवी बी जाते." दिनकर चिडून म्हणाला, "मग तुम्ही दाखवा की दुसरा रस्ता." मामांनी पान तोंडात घातलं, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "चला की. हाय काय न् न्हाय काय!"

मामांचा धंदा मिरचीचा. संकेश्वरापासून गडहिंग्लज-आजऱ्यापर्यंत गावोगाव फिरून ते शेतातली मिरची बघायचे आणि अडतीला आणायचे. अर्धा जन्म बैलगाडीत आणि अर्धा पायवाटांवर गेला होता. त्यामुळे त्यांच्या धोतराला, उपरण्याला, छत्रीला, एवढंच काय त्यांच्या आशीर्वादालासुद्धा मिरचीचा खकाणा असायचा. फटफटी पळत असेपर्यंत वारं मागे जायचं, तोवर ठीक. थांबलो रे थांबलो की मला शिंका सुरू. गावातली कुत्री भुंकत यायची आणि मामांजवळ पोचली की शिंकत परत जायची.

मामांच्या वाटेवर डांबर लागलं तर ते अपमान झाल्यासारखे गप्प बसायचे. कागलच्या पुढे कुठेतरी माझ्या डाव्या खांद्यावर चापट बसायची आणि आम्ही उसात शिरायचो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पुढचं चाक एकदा चाकोरीत गेलं की बाहेर निघायचं नाही. मी हँडलशी झटापट करायला लागलो की मामा कानाशी ओरडायचे, "बैल कुटं हँडल फिरवतोय? न्हेतीय तिकडं जावा की!" आणि खरोखर चाकोरी आम्हाला गुऱ्हाळाच्या दारात नेऊन सोडायची. गरम गूळ हातावर घेऊन फुंकत फुंकत खायचा आणि पुढे निघायचं. गडहिंग्लज मागे पडलं की काळी माती तांबडी व्हायची, आजऱ्याकडे काजूच्या बागा लागायच्या, भात कापणीला आलेलं असायचं आणि वाफ्यावाफ्यांतून सुवास यायचा. मग जंगल, ओलसर दरड, आणि एखाद्या वळणावर रस्ता अडवून उभा असलेला गवा. गव्याला हॉर्न वाजवायचा नाही, असा मामांचा नियम होता. "त्येचं घर हाय. जाईल सावकाशीनं," असं म्हणून ते खाली उतरून पान लावायचे.

नदी आली की मामा धोतर मांडीपर्यंत वर घ्यायचे आणि छत्रीने तळ चाचपत पुढे चालायचे. पाणी कमरेला लागलं तरी वळून बघायचे नाहीत. पलीकडे पोचले की छत्री उघडून डोक्यावर धरायचे, याचा अर्थ या. छत्री मिटलेलीच राहिली तर दुसरा उतार शोधायचा. एकदा हिरण्यकेशीत त्यांनी पलीकडे जाऊन छत्री उघडली, आणि सदाशिव फटफटीसकट पाण्यात बसला. बाहेर काढल्यावर तो म्हणाला, "मामा, छत्री उघडलीसा न्हवं?" मामा म्हणाले, "ऊन लागलालं रं मला."

पण मामांचा जीव खरा रमायचा तो रस्त्यापेक्षा माणसांत. ते जातीने लिंगायत, घरात मराठी आणि सीमेकडे उतरलो की तोंडात कानडी. कुठल्याही गावात शिरलो की पारावरच्या पहिल्या म्हाताऱ्याला विचारायचे, "कुनाचं घर तुमचं?" आणि तंबाखूची चिमूट मळून होईपर्यंत त्या म्हाताऱ्याची चुलत आत्या मामांच्या मावससासूची नणंद निघायची. मग जेवण तिथेच, मुक्काम तिथेच. सोयरिकी जुळवायचा त्यांना नाद होता. आजऱ्याला ज्यांच्याकडे उतरायचो तिथे दिनकरने घनसाळचा भात तिसऱ्यांदा मागितला, तेव्हा मामा घरच्या बाईला म्हणाले, "आक्का, भात आवडलाय पोराला. रांधनारी बी दावा की एकदा." दिनकरला ठसका लागला. पुढच्या वैशाखात आम्ही त्याच्या वरातीत नाचलो. इकबालशी तर त्यांचं विशेष सूत होतं. मामा मटणाला शिवायचे नाहीत, पण इकबाल तांबडा रस्सा घेऊन जरा लांब जाऊन बसायला लागला की हाताला धरून शेजारी बसवायचे. "वरप की निवांत. मिरची माझीच हाय त्यात," म्हणायचे. मामांवर आम्हा चौघांचा जीव होता, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कळत नव्हती. परतीच्या दिवशी सीमेकडून येताना एक गाव लागायचं. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरची नातवंडं आता वाचणारी आहेत. उजवीकडे वळलं की त्या गावातून जाणारी चांगली सपाट वाट होती. पण गाव दिसायला लागलं की मामा माझ्या डाव्या खांद्यावर चापट मारायचे आणि आम्हाला ओढ्याच्या काठाने बाभळीच्या रानात घालायचे. तिथे दरवर्षी दोन पंक्चर ठरलेली. इकबाल ट्यूब घासता घासता वैतागायचा, "मामा, समोर रस्ता दिसतोय की गावातनं!" मामा म्हणायचे, "त्यो आपला न्हवं." एवढं बोलून पानसुद्धा लावायचे नाहीत. आम्हाला वाटलं, गावात भूतबीत असेल.

कारण कळलं ते मामींकडून. मामांची एकुलती एक लेक, गौरव्वा, त्या गावात दिली होती. सोयरीक मामांनी स्वतःच जुळवली होती. लग्नात आहेराची वेळ झाली आणि गर्दीत, वाजंत्र्यांच्या गोंगाटात मामांनी मानाचा पहिला फेटा व्याह्यांना बांधायच्या ऐवजी त्यांच्या धाकट्या भावाला बांधला. भाऊ भाऊ दिसायला सारखे, शिवाय दोघांच्या मिशा सारख्या. दुसऱ्यांच्या लग्नात मामांनी शंभर रुसवे काढले असतील, पण स्वतःच्या लेकीच्या मांडवात त्यांचा हात चुकला. व्याही भीमण्णा हे ताडमाड आणि तितकेच ताठ गृहस्थ. ते मांडवातच म्हणाले, "बोलावल्याबिगर माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाय." मामाही काही कमी नव्हते. "बोलावल्याबिगर येनारा मी बी न्हवं," म्हणाले.

झालं. भीमण्णा बोलवेनात आणि मामा जाईनात. आपल्याकडे माहेरवाशिणीला आणायला बापाने नाहीतर भावाने मुराळी म्हणून जावं लागतं. गौरव्वाला भाऊ नव्हता आणि बाप उंबऱ्याला शिवणार नव्हता, म्हणजे लेकीचं माहेर तुटलं. मामी वर्षातून एकदा जत्रेत तिला ओझरती भेटायच्या. गौरव्वाला दोन मुलं झाली, ती मामांनी पाहिलीही नव्हती. मला ते ऐकून मामांचा रागच आला. दुनियेच्या घरात जाऊन जेवणारा हा माणूस आपल्या लेकीच्या गावाला वळसा घालून काट्यात काय शिरतो! तसं मी बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, "एकदा तोंडानं 'या' म्हनू दे त्यानं. नुसतं 'या'. गुडघ्यावर चालत जाईन."

त्यानंतरच्या टूरची गोष्ट. परतीचा दिवस, ऊन चढलेलं, गाव दिसायला लागलेलं. मी सवयीने डाव्या खांद्यावरच्या चापटीची वाट बघत होतो. चापट बसली ती उजव्या खांद्यावर, आणि अशी सणसणीत की मी विचार न करता उजवीकडे वळलो. वळलो तो थेट गावच्या वाटेला. दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण, वाट एक गाडी जाईल एवढी, मागे तीन फटफट्या चिकटलेल्या. लगेच दोन्ही खांद्यांवर चापटा पडायला लागल्या. मामा कानाशी ओरडत होते, "गोमाशी हुती रं! गोमाशी मारली मी! मागं घे, मागं!" आता चार फटफट्या त्या बोळात मागे कशा घ्यायच्या? आणि पुढे वेशीत माणसं हात हलवत उभी होती. "आलं, आलं! पावणं आलं!" असा गलका झाला. पुढे एक जण पळत वाट दाखवायला लागला, आणि काय होतंय ते कळायच्या आत आम्ही एका मोठ्या दारासमोर थांबलो होतो.

प्रकार असा होता की भीमण्णांच्या धाकट्या मुलीला बघायला त्या दिवशी इचलकरंजीहून पाहुणे यायचे होते. यंत्रमागवाल्यांचं घर, मुलगा फटफटीवरून येणार असा निरोप होता. गावाने फटफट्या पाहिल्या आणि आम्हालाच पाहुणे ठरवलं. भीमण्णा कोरा फेटा बांधून पायरीवर आले, हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या पावणं, या! बर्री, बर्री! घर तुमचंच हाय!"

माझ्या मागून मामा खाली उतरले. तोंडाला उपरणं तसंच होतं. भीमण्णा हात जोडून पुढे आले, अगदी जवळ आले, आणि त्यांना सटकन शिंक आली. दुसरी आली. तिसऱ्या शिंकेला त्यांचे डोळे बारीक झाले. मामांनी उपरणं सोडलं. मला वाटलं, आता इथे काठ्या निघणार, आणि पहिली माझ्या बुलेटवर बसणार.

मामा म्हणाले, "या म्हनलासा न्हवं?"

भीमण्णा म्हणाले, "इचलकरंजीच्या पावण्यास्नी म्हनलो."

"माझ्याकडं बगून म्हनलासा. हात जोडून म्हनलासा. घर तुमचंच हाय म्हनलासा. गाव हाय की साक्षीला!"

भीमण्णांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाही म्हणावं तर भर गल्लीत दिलेला शब्द मागे घेतल्यासारखं होणार, आणि हो म्हणावं तर इतक्या वर्षांचा ताठा जाणार. दोघेही म्हातारे एकमेकांकडे बघत उभे. मामा पायरीच्या खालीच होते.

तेवढ्यात घरातून सून बाहेर आली. पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला तिला आतून तांब्या देऊन पाठवली होती. ती गौरव्वा. तिने बापाला पाहिलं. सासऱ्यांकडे पाहिलं नाही, पदरही सावरला नाही. तरातरा पायऱ्या उतरून आली, खाली वाकली आणि मामांच्या धुळीने भरलेल्या पायांवर पाणी घालायला लागली. घालताना म्हणाली, "मामंजी पावणं म्हनल्यात. पावण्याच्या पायावर पानी घालायचं माझं काम हाय." तांब्या रिकामा झाला तरी ती तशीच वाकून राहिली. मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून "गौरा, गौरा" एवढंच म्हणत होते. इकबालने तोंड फिरवून टूलबॉक्स उघडला आणि उगीच पाने मोजायला लागला. मी उघड उघड रडलो. शेवटी भीमण्णा म्हणाले, "उनात किती येळ हुबं राहताय? आत या की आता." या वेळी ते कुणाला म्हणाले, यात शंका नव्हती.

खरे पाहुणे तासाभराने आले. दारात चार फटफट्या बघून त्यांचे चेहरे पडले, त्यांना वाटलं दुसरं स्थळ आधीच येऊन बसलंय. मुलाच्या काकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोन?" मामा तोवर पाटावर बसून एका मांडीवर एक आणि दुसऱ्या मांडीवर दुसरं नातवंड घेऊन शिंकायला लावत होते. ते म्हणाले, "ह्यो? ह्येला कोन पोरगी देतंय! ह्यो माझा ड्रायव्हर हाय." सगळे हसले आणि सोयरीक तिथेच जुळली.

निघताना गौरव्वा मला म्हणाली, "दादा, दर साली दिवाळी झाली की वढ्याकडनं फटफट्यांचा आवाज यायचा. मी परड्यात जाऊन हुबी ऱ्हायची. म्हनायची, गेलं आमचं अप्पा." पुढच्या वाटेवर मी एकदा विचारलं, "मामा, गोमाशी खरंच होती?" ते म्हणाले, "ही एवढी हुती." एवढी म्हणजे केवढी ते मला पुढे बघत असल्यामुळे दिसलं नाही.

पुढच्या वर्षी टूर दिवाळीनंतर निघाली नाही, दिवाळीच्या आधी निघाली. आम्ही चौघे मुराळी म्हणून गेलो. गौरव्वा, तिची मुलं, चिवड्याचे डबे, मुटक्यांची पाटी आणि मामा अशी वरात चार फटफट्यांवरून कोल्हापुरात आली. मामांनी त्या दिवशी लेकीला पहिल्यापासून शेवटपर्यंत डांबरी रस्त्याने आणलं. दिनकरने चिडवलं तर म्हणाले, "गप रं. लेकरं हैत बरूबर." पेठेतल्या बायका ओट्यांवर येऊन बघत उभ्या होत्या, आणि मामी तर भाकरीचा तुकडा ओवाळायचा विसरून नुसत्याच रडत होत्या.

त्यानंतरही टूर होत राहिल्या. परतीचा मुक्काम भीमण्णांकडे ठरून गेला. दोघे व्याही परड्यात बसून एकमेकांशी भांडायचे, कधी मिरचीच्या भावावरून, तर कधी कानडी शब्दांवरून. पुढे आमचीही लग्नं झाली, पोरं झाली, गाड्या विकल्या. मामांचे गुडघे गेले. बुलेट विकायची ठरली तेव्हा ते मागच्या सीटवर हात ठेवून म्हणाले, "इक. माझ्या बुडाची जागा तेवढी काढून घे." त्याच वर्षी पावसाळा संपता संपता ते गेले.

मातीला आसपासची इतकी गावं लोटली की पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी जुळवलेली किती घरं असतील त्यात, कुणास ठाऊक. सगळे पांगल्यावर भीमण्णा ओट्यावर एकटेच बसले होते. डोक्याला फेटा नव्हता. मला त्यांनी हाताने जवळ बोलावलं.

"बुलेटवालं न्हवं तुमी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि शेजारी बसलो.

समोरच्या रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "त्या दिवशी माझ्या तोंडातनं 'या' चुकून गेलं. अजून बी पोरं हसत्यात मला त्येच्यावरनं. हसंनात का. पर ती चूक जरा आदी झाली असती, पावणं, तर ह्यो मानूस मला आनखी चार वर्सं मिळाला असता."